फ्लेक्सवरची दोन बोटं

मार्चपासून जूनपर्यंत माझ्या उजव्या हाताची दोन बोटं तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर, वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर होती. बोटं माझी, हात दुसऱ्या बाईचा. टेम्पोवाले, कंत्राटी कामगार, गेटवरचे वॉचमन, सगळ्यांनी ती येता-जाता पाहिली आणि कोणालाच काही वेगळं वाटलं नाही. काम चांगलं झालं होतं. चांगलं झालं हीच पुढे भानगड झाली.

मी शैला सावे. बोईसरला आमचं साइनबोर्डचं दुकान आहे. माझे यजमान विश्राम मूळचे पेंटर, सातपाटीच्या बोटींवर नावं आणि नंबर रंगवण्यात त्यांची पंधरा वर्षं गेली. छपाईचं मशीन आलं तेव्हा त्यांनी ब्रश ठेवला आणि शिडी धरली. आता मी कॉम्प्युटरवर बसते, ते मापं घेतात आणि बोर्ड लावतात. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझ्याकडे आहे, कारण त्यांना बोलता येत नाही आणि मला थांबता येत नाही.

या धंद्यात शिकण्यासारखं फार काही नाही. अक्षर एक इंच उंच असेल तर दहा फुटांवरून नीट वाचता येतं, पन्नास फुटांवरून वाचायचं तर पाच इंच लागतं. पांढऱ्यावर पिवळं दिसत नाही. लाल रंग उन्हात सगळ्यांत आधी उडतो, म्हणून कारखान्यांतले 'धोका' लिहिलेले बोर्ड दोन वर्षांत गुलाबी होतात आणि साखरपुड्याचे असल्यासारखे दिसतात. खाडीकडच्या गावात लोखंडी स्क्रू मारू नये, एका पावसाळ्यात बोर्डभर तपकिरी ओघळ येतात. मोठ्या फ्लेक्सला मधेमधे वारा जायला चिरा द्याव्यात, नाहीतर तो फ्रेमसकट शेजारच्याच्या पत्र्यावर जाऊन बसतो. हे सगळं मी गिऱ्हाइकाला समजावून सांगते. गिऱ्हाईक शांतपणे ऐकून घेतं आणि म्हणतं, "ते ठीक आहे ताई, पण जरा गोल्डन टाका."

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. हे कुठून वाचणार? रस्त्यावरून, की दारात उभं राहून? याचं उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही. माप विचारलं तर "नॉर्मल" म्हणतात. कुंभवलीचा एक खानावळवाला दोन फुटांच्या बोर्डात सत्तावीस पदार्थ, तीन फोन नंबर, कुलदैवत आणि दोन्ही मुलांचे फोटो घालून मागत होता. मी म्हटलं, दादा, हा बोर्ड नाही, ही शिधापत्रिका आहे. तो दुसऱ्या दुकानात गेला. त्याचा बोर्ड अजून लावलेला आहे आणि अजून कोणाला वाचता आलेला नाही.

फोटोंची तऱ्हा वेगळीच. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो मोठा केला की माणसाच्या तोंडाचे चौकोन होतात, हे मी हजार वेळा सांगितलं असेल. शेवटी काचेवर पाटीच लावली: फोटो पेन ड्राइव्हवरच आणावा. त्याखाली दुसरी: मजकूर वाचून सही करावी. सही सगळे करतात, वाचत कोणी नाही.

आणि एकदा फोटो आला की त्यात काय करायचं ते गिऱ्हाईक ठरवणार. वारलेले आजोबा नातवाच्या बारशाच्या बॅनरवर बसवणं, सोडचिठ्ठी झालेला जावई काढून तिथे झाड लावणं, टक्कल भरणं, साडीचा रंग बदलणं, हे आमचं रोजचं काम. त्या आजोबांना बारशाला यायचं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. फोटोतलं खरं-खोटं हा माझा विषयच नव्हता. माझा विषय म्हणजे कडा. कापलेल्याची कड दिसता कामा नये, एवढंच मी बघत असे.

पाच मार्चला भावेश आला. हा त्या कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही, त्यांचा गेटवरचा बोर्ड मीच बनवलाय आणि नाव फार लांब आहे. आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक तेच. हेल्मेट घाला, हातमोजे घाला, इथून बाहेर पडा, इथे जमा व्हा, धूम्रपान करू नका, बाण डावीकडे, बाण उजवीकडे, सगळं आमच्याकडून. भावेश पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, मवाळ बोलणारा माणूस. त्या दिवशी तो पेन ड्राइव्ह घेऊन आला. काचेवरची पाटी वाचून तसं वागणारा तो पहिला माणूस, म्हणून मी त्याला चहा मागवला.

फोटो आदल्या दिवशीचा होता, चार मार्चचा, सुरक्षा दिनाचा. पिवळी हेल्मेटं घातलेली चौसष्ट माणसं, मागे बोर्ड: अपघाताविना दिवस, १०००. सगळ्यांनी शपथेसाठी उजवा हात पुढे केलेला.

"गेटवर वीस बाय दहाचा लावायचाय," भावेश म्हणाला. "आणि चौसष्ट छोट्या फ्रेम, प्रत्येक कामगाराला एक. फक्त ही दुसऱ्या रांगेतली बाई आहे ना, तिचा हात जरा नीट करा."

मी मोठं करून पाहिलं. चौसष्ट हातांमध्ये त्या एका हाताला अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती. तळाशी थोडे खुंट होते.

"काय झालं हिला?"

"जुनं आहे ते. लहानपणी गवत कापताना वगैरे. तिलाच बरं वाटत नाही फोटोत."

आम्ही असं काम स्क्रीनवर चौपट मोठं करून, चारशे टक्क्यांवर करतो. चारशे टक्क्यांवर सगळं दिसतं. त्या खुंटांवरचं कातडं नवं, गुलाबी होतं आणि टाक्यांच्या खुणा ओळीने मोजता येत होत्या. लहानपणी तुटलेलं बोट असं दिसत नाही. हे मला त्याच वेळी दिसलं होतं. पुढे मला हे वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं, म्हणून इथे सरळ लिहून टाकते. दिसलं होतं.

मी त्याला एवढंच म्हटलं, "बाईच काढून टाकू का? लवकर होईल."

"नको नको," भावेश म्हणाला. "बायका सहाच आहेत. हेड ऑफिसला बायका दिसायला पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले. इंटरनेटवर हात खंडीभर मिळतात, पण ते सगळे भांडी न घासलेल्या बायकांचे असतात. फोटोतले शेजारचे हात पुरुषांचे. त्या बाईचाच डावा हात उलटा करून लावावा, तर तो पुढच्या माणसाच्या पाठीमागे गेलेला. शेवटी मी माझा हात पाहिला. अट्ठेचाळीस वर्षांचा, थिनरने पुसलेला, नखं कापलेली. मी विश्रामना दुकानाच्या दारात उन्हात बोलावलं आणि उजवा हात पुढे करून उभी राहिले.

"कसली शपथ घेतेस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही फोटो काढा."

त्यांनी त्यांच्या फोनवर बारा फोटो काढले. त्यातला सातवा बरोबर बसला. मी बोटं थोडी बारीक केली, रंग दोन छटा गडद केला, ऊन डावीकडून येत होतं तसं आणलं. मग पुढच्या माणसाच्या हेल्मेटवर त्या दोन बोटांची सावली पाडली. सावली कोणी मागितली नव्हती. पण सावलीशिवाय बोट चिकटवलेलं वाटतं, सावली पडली की ते हाताचं होतं. झाल्यावर मी खुर्चीत मागे रेलून पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. आता हे सांगायला लाज वाटते, पण वाटलं होतं. सत्तावीस वर्षांत इतकी स्वच्छ कड मी काढली नव्हती.

मूळ फोटोवर कधीही सेव्ह करू नये, नव्या नावाने करावं. हे मी येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ डिझायनरला ओरडून सांगत आले आहे. त्या दिवशी मी फोटो पेन ड्राइव्हवरूनच उघडला होता आणि आनंदाच्या भरात त्याच्यावरच सेव्ह करून टाकला. मूळ फोटो गेला. संध्याकाळी भावेश पेन ड्राइव्ह घेऊन गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. मूळ फोटो कोणाला हवा होता?

फ्लेक्स लागला. चौसष्ट फ्रेमही गेल्या, प्रत्येकीवर खाली तारीख छापलेली आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात आमच्या दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर. तो आम्ही प्रत्येक कामावर टाकतो, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी.

जूनमध्ये एका सकाळी दोन बायका दुकानात आल्या. मला वाटलं बचत गटाचा बोर्ड असेल. मी सवयीने विचारलं, "कुठून वाचणार?" दोघींतली धाकटी पिशवीतून फ्रेम काढून काउंटरवर ठेवून मोकळी झाली.

"ह्या कोपऱ्यात तुमचाच नंबर हाय ना?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले. मग थोरलीने आपला उजवा हात फ्रेमशेजारी काउंटरवर ठेवला. मी आधी हात ओळखला, चेहरा नंतर. चेहऱ्याशी माझा संबंधच आला नव्हता.

तिचं नाव लाडकी. बरोबरची तिची नणंद दीपाली, दहावीपर्यंत शिकलेली, तीच सगळं सांगत होती. सतरा जानेवारीला प्रेस मशीनमध्ये लाडकीचा हात गेला. तिला कामाला लावणाऱ्या ठेकेदाराने त्याच्या गाडीतून खाजगी दवाखान्यात नेलं आणि दवाखान्याचे कागद स्वतःकडेच ठेवले. दीड महिन्यांनी तिला झाडू मारायला परत बोलावलं, हेल्मेट घालून फोटोत उभं केलं आणि एप्रिलमध्ये उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिने पालघरच्या सरकारी कार्यालयात भरपाईचा अर्ज केला. तिथे ठेकेदार म्हणाला, आमच्याकडे काही झालंच नाही, बाई काम सोडून गेली आणि कुठेतरी वीटभट्टीवर हात तोडून घेतला. पुरावा म्हणून त्याने ही फ्रेम दाखवली. तारीख चार मार्च, आणि हाताला पाची बोटं.

"तितल्या मॅडमनी हिला विचारला, ही तूच काय? ही बोलली, हो, मीच," दीपाली म्हणाली. "मंग हात कुनाचा? ही गप."

"काय बोलू?" लाडकी पहिल्यांदा बोलली. "फोटूत हात माजाच हाय. माज्या बांगड्या हायत."

"येत्या गुरवारी तारीख हाय," दीपाली म्हणाली. "हा फोटू खरा धरला तर अर्ज गेला. वर हिने खोटा सांगितला असा लिवतील. आदीचा फोटू हाय का तुमच्याकडं? बोटं लावायच्या आदीचा?"

मला त्या क्षणी कोणाचा राग यावा? लाडकीचा आला. "पण तू हात पुढे केलासच कशाला?" मी जोरात विचारलं.

"सायेब बोलले, सगल्यांनी हात पुढं करा," ती म्हणाली. "मी केला."

मी कॉम्प्युटर उघडला आणि तासभर शोधलं. जुन्या फायली, कचऱ्यात टाकलेल्या फायली, मशीनवर पाठवलेल्या फायली. सगळीकडे पाची बोटं. मी कॉम्प्युटरला शिव्या घातल्या, मग भावेशला, मग वीज मंडळाला, ज्याचा यात काही दोष नव्हता. फोटोग्राफरकडे मूळ फोटो असेल तर असेल, पण तो कंपनीचाच माणूस. तेवढ्यात विश्राम शिडी घेऊन आत आले. त्यांनी फ्रेम पाहिली, लाडकीचा हात पाहिला आणि शिडी हळूच भिंतीला टेकवली.

त्यांच्या फोनवर माझ्या हाताचे बाराही फोटो होते. फोनमधला फोटो ते कधी पुसत नाहीत, कारण कसा पुसतात ते त्यांना माहीत नाही. इतकी वर्षं मी यावरून त्यांना बोलत आले होते.

त्या दोघी गेल्यावर विश्राम म्हणाले, "कंपनीचा काम जाईल."

"जाईल," मी म्हटलं.

ते बराच वेळ टेपपट्टी ओढत आणि सोडत बसले. मला वाटलं आता म्हणतील, आपल्याला काय करायचंय. म्हणाले असते तर मीही कदाचित ऐकलं असतं. धंद्यात ऐकण्यासारखंच होतं ते.

"फोटू मी काढलाय," ते म्हणाले. "मलापन यायला लागेल."

गुरुवारी आम्ही पालघरला गेलो. कार्यालयात फिकट भिंतीवर स्टीलची चकचकीत अक्षरं लावली आहेत, ती समोरून वाचता येत नाहीत, डोकं तिरकं करावं लागतं. मी डोकं तिरकं करून खोली शोधली. आत अर्ज ऐकणाऱ्या मॅडम बसल्या होत्या, एका बाजूला ठेकेदाराचा वकील आणि भावेश, दुसऱ्या बाजूला लाडकी आणि दीपाली. भावेशने मला पाहिलं आणि सवयीने नमस्कार केला. मग मी कुठे बसते आहे ते त्याच्या लक्षात आलं.

मी सांगितलं ते असं: फ्रेममधली दोन बोटं माझी आहेत. लॅपटॉपवर एका बाजूला फ्रेमचा फोटो घेतला, दुसऱ्या बाजूला विश्रामनी काढलेला सातवा फोटो. माझा हात अर्धा पारदर्शक केला आणि लाडकीच्या हातावर सरकवत नेला. बोटं बोटांवर बसली. पेरांवरच्या सुरकुत्या एकेक करून मिळाल्या. मी जिथे बारीक केलं होतं तिथे थोडा फरक होता, तो मी आपणहून दाखवला.

वकील म्हणाला, "म्हणजे तुम्ही खोटे फोटो बनवता."

"हो."

"नेहमी?"

"गिऱ्हाईक सांगेल तेव्हा. वारलेली माणसं बसवते, नको असलेली काढते. केस लावते. एका सरपंचांची उंची वाढवली होती."

"कुठल्या?" मॅडमनी विचारलं आणि मग लिहिता लिहिता म्हणाल्या, "नको, राहू दे."

"मग हा हाताचा फोटो तुम्ही कालच बनवला नसेल कशावरून?" वकिलाने विचारलं. प्रश्न बरोबर होता. माझ्या तोंडून निघालेल्या कुठल्याही गोष्टीवर त्या खोलीत कोणी आता विश्वास ठेवायचं कारण नव्हतं, आणि हे मीच पाच मिनिटांत करून दाखवलं होतं. लाडकी माझ्याकडे बघत होती.

विश्राम उठले आणि आपला फोन मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यात सहा मार्चला आधी एका गटाराच्या मापाचा फोटो, मग माझा हात बारा वेळा, मग पंक्चर झालेल्या टेम्पोचं चाक. वर तारीख आणि वेळ.

"मला बनवता येत नाय," ते म्हणाले. "डिलिटपन करता येत नाय."

मॅडमनी फोन वरखाली सरकवून पाहिला. गटारं, बोर्ड, शिड्या, गंजलेले स्क्रू, चार वर्षांचे हजारो फोटो होते. मग त्यांनी मला उभं राहून हात पुढे करायला सांगितलं. मी शपथ घेतल्यासारखा हात पुढे केला. पाणी घेऊन आलेला शिपाई ते बघून दारातच थांबला. मॅडमनी फ्रेम माझ्या बोटांशेजारी धरली, चष्मा वर केला, खाली केला.

मग त्यांनी भावेशला विचारलं, "हात नीट करायला तुम्ही सांगितलं होतं?"

भावेशने वकिलाकडे पाहिलं. वकील कागद बघत होता. "सांगितलं होतं," भावेश म्हणाला, इतक्या हळू की मॅडमनी त्याला पुन्हा बोलायला लावलं.

फोटो पुरावा म्हणून धरला जाणार नाही, असं त्यांनी लिहून घेतलं. ठेकेदाराने पुढच्या तारखेला दवाखान्याचे कागद आणायचे, नाही आणले तर दवाखान्याकडूनच मागवले जातील. लाडकीचा अर्ज टिकला. माझा जबाब झाला, त्याखाली मी सही केली. सही करण्याआधी पूर्ण वाचला.

बाहेर जिन्यापाशी भावेश भेटला. "मॅडम, तुमच्यासाठी वाईट वाटतं मला," तो म्हणाला. "गेटचा फ्लेक्स उद्या उतरवतायत. पुढची कामं तुमच्याकडे येतील असं नाही."

"भावेश, तो हात तुम्ही मोठा करून पाहिला होता?"

"मी तिथे होतो," तो म्हणाला. "सतरा तारखेला. मशीन मीच बंद केलं." मग तो जिना उतरून गेला. त्याचा शर्ट त्या दिवशीही इस्त्रीचा होता. पुढे त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही.

लाडकी बाहेरच्या बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. खोटं कशाला बोलू, ती काहीतरी चांगलं बोलेल म्हणून बसले. धंद्यातलं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक घालवून आले होते, निदान ताई, उपकार झाले, एवढं तरी.

"दावा," ती म्हणाली.

"काय?"

"हात."

मी हात दिला. तिने तो उलटा केला, सुलटा केला आणि दोन्ही बोटं बाजारात भेंडी बघतात तशी दाबून पाहिली.

"ही माज्यापेक्षा जाड हायत."

"फोटोत बारीक केली होती मी."

"ती फ्रेम मी घरी लावली नाय," लाडकी म्हणाली. "माजा दीर बोलला, लाव, बरी दिसतेस. मी पेटीत घातली. मला वाटला, कुना मेलेल्या बाईची असतील. दवाखान्यात कापलेली ठेवतात, त्यातली घेतली असतील. नंतर माज्या हाताला ती खाजायची. जी नाय ती खाजायची, रोज. मी घरात बोलली, ती बाई मागतेय तिची."

दीपाली म्हणाली, "तीन महिने हिने फ्रेमकडं बघितला नाय. वकिलाने दावली तवा घाम फुटला हिला. म्हनून गप ऱ्हायली."

सूर्य कुठून येतो, सावली कुठे पडते, नखाचा रंग कोणता, सगळा विचार मी केला होता. ज्या बाईच्या हाताला बोटं लावायची तिला विचारावं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दुकानापासून तिचा कारखाना चार किलोमीटर. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

"माझी आहेत गं," मी म्हटलं. "जिवंत बाईची."

"ता आता कलला." तिने माझा हात माझ्या मांडीवर परत ठेवला, कोणाची वस्तू परत करावी तसा. "आता काडा."

"काय काढू?"

"फोटूतनं. तुमची तुमाला राव दे."

"अगं, आता तो फोटो कोणी धरणार नाही. मॅडमनी लिहिलंय तसं."

"मॅडमनी लिवलाय. मी बघितला नाय. काडा."

मी लॅपटॉप उघडला. बोटं लावायला मला अख्खी दुपार लागली होती. काढणं सोपं असेल असं वाटलं, पण आता बोटांमागचं हेल्मेट नव्याने भरायचं होतं, सावली पुसायची होती, आणि मुख्य म्हणजे तिचा हात खरा कसा होता ते मला आठवत नव्हतं. चारशे टक्क्यांवर बघितलेला हात, टाके मोजलेला, आणि आठवत नव्हता. मी तसं तिला सांगितलं.

लाडकीने पदर खोचला आणि उजवा हात स्क्रीनच्या शेजारी पुढे धरला, फोटोत होता तसाच, सरळ. दीपालीने लॅपटॉप हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला. विश्राम उन्हाच्या बाजूला उभे राहिले, स्क्रीनवर सावली पडावी म्हणून. लोक फायली घेऊन जात-येत होते आणि आमच्याकडे बघत होते.

"इथनं," लाडकी म्हणाली. "नाय, जरा खाली. मदला ह्याच्यापेक्षा आकूड हाय. हा, तितं. तितं टाका पडलेला."

मी एकेक पेर पुसत गेले. ती एकदा स्क्रीनकडे बघायची, एकदा हाताकडे. हात तिने खाली घेतला नाही. पाऊण तास गेला. मी झालं म्हणून मान वर केली.

लाडकीने वाकून पाहिलं.

"ह्या सायेबाच्या टोपीवर नख ऱ्हायलाय," ती म्हणाली.

मी मोठं करून पाहिलं. राहिलं होतं. मी ते काढलं.